लॅपटॉप, रीपर आणि गिटार: स्टेजवर प्रोसेसरच्या जागी वापरून बघितल्यावर

आधी निकाल सांगून टाकतो, कारण बरेच जण तेवढंच वाचायला येतात. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाका, मध्ये एक बरा ऑडिओ इंटरफेस (गिटारचा सिग्नल लॅपटॉपमध्ये नेणारा आणि आवाज बाहेर काढणारा डबा) लावा, पायाशी आवाज बदलायला फूट कंट्रोलर ठेवा आणि गिटारचे सगळे इफेक्ट्स लाइव्ह वाजवा, हे चालतं. घरी तर चालतंच, पण स्टेजवर, साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये, समोर पब्लिक बसलेलं असताना पण चालतं. आवाजाच्या बाबतीत मी आजवर वाजवलेल्या मधल्या किमतीच्या कुठल्याही गिटार प्रोसेसरपेक्षा, म्हणजे सगळे इफेक्ट्स एकाच डब्यात देणाऱ्या यंत्रापेक्षा, मला हा सेटअप जास्त आवडलाय. फक्त एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, ह्यातला खरा खेळ सॉफ्टवेअरचा नाही, इंटरफेस आणि त्याच्या ड्रायव्हरचा, म्हणजे लॅपटॉपला त्याच्याशी बोलायला लावणाऱ्या सॉफ्टवेअरचा आहे. लोक महिनोन्महिने ॲम्पची प्लगिन्स (रीपरच्या आत बसणारी छोटी जोड-सॉफ्टवेअर्स) डाउनलोड करत बसतात आणि इंटरफेस घ्यायची वेळ आली की सगळ्यात स्वस्त कुठला मिळतो ते बघतात, ते नेमकं उलटं व्हायला पाहिजे.

माझं वाजवणं कुठलं ते सांगतो म्हणजे अंदाज येईल. दिवसा ऑफिस, शनिवार-रविवार ऑर्केस्ट्रा, लग्नसराईत संगीतचे प्रोग्रॅम, मग गणपती, मग नवरात्र. एकाच मेडलीत कोळीगीताचा कोरडा क्लीन रिदम लागतो, त्याला चिकटून सत्तरच्या दशकातल्या पंचमच्या गाण्यासाठी फेझर आणि वाह, मग नव्वदच्या दशकातला कोरस लावलेला आर्पेजिओ, आणि शेवटी गायक मागे वळून हात करतो की आता लीड, तेव्हा पुढच्या मात्रेला डिस्टॉर्शन आणि डिले तयार पाहिजे. हे सगळं वेगवेगळ्या पेडलवर करायचं तर बोर्ड एवढा मोठा होतो की मुलुंडवरून दादरला गर्दीच्या लोकलने न्यायचं म्हणजे दर वेळी टॅक्सीचा विचार करावा लागतो, आणि टॅक्सीचे पैसे जाऊन हातात उरतं काय. लॅपटॉप पाठीवरच्या बॅगेत सपाट बसतो, इंटरफेस जेवणाच्या डब्याएवढा, म्हणून मी ह्या वाटेला लागलो आणि नंतर आवाजासाठी तिथेच राहिलो.

आता रीपर. कॉकोस नावाच्या छोट्या कंपनीचं आहे आणि त्यामागे जस्टिन फ्रँकेल, म्हणजे तोच ज्याने १९९७ साली विनॲम्प काढलं, आपल्यापैकी ज्यांनी सायबर कॅफेतून सीड्या भरून आणल्यात त्यांना विनॲम्प काय ते सांगायला नको. रीपर पहिल्यांदा आलं २००५ च्या शेवटी, १.० झालं ऑगस्ट २००६ मध्ये, आणि सातवं व्हर्जन ऑक्टोबर २०२३ मध्ये आलं, मी तेच वापरतो. विंडोजचा इन्स्टॉलर वीस एमबीच्या आसपास, एवढ्यात अख्खा स्टुडिओ बसवलाय ह्याचं मला अजून कौतुक वाटतं. ६० दिवस सगळं फुकट, काहीही लॉक केलेलं नाही, नंतर घरगुती किंवा छोट्या कमाईवाल्यांसाठी लायसन्स ६० डॉलर, आणि ते पुढच्या व्हर्जनला पण लागू राहतं. ६० दिवसांनंतर बंद पडत नाही, सुरू करताना फक्त आठवण करून देतं, पण मी आवर्जून सांगतो की पैसे भरा, एका चांगल्या पेडलच्या निम्म्या किमतीत एवढं देणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही. मॅक, विंडोज, लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि पेनड्राइव्हवर पोर्टेबल टाकता येतं, म्हणजे सगळी सेटिंग्ज खिशात घेऊन फिरा आणि वेळ आली तर बँडमधल्या दुसऱ्या कोणाच्या लॅपटॉपवर उघडा.

मुळात हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. लाइव्हसाठी वेगळी सोय त्यात नाही, आपल्याला बांधून घ्यावी लागते. ट्रॅक घ्यायचा, गिटारचा इनपुट निवडायचा, लाल बटन दाबून आर्म करायचा, मॉनिटर ऑन ठेवायचा आणि एफएक्समध्ये इफेक्ट्सची चेन लावायची, रेकॉर्ड करा न करा आवाज चालू. एवढ्यात वाजायला लागतं.

खरी परीक्षा इथून सुरू होते, लेटन्सीची. तार छेडली आणि आवाज कानात आला ह्याच्या मधला वेळ. लॅपटॉप आवाज सलग घेत नाही, तुकड्या-तुकड्यांनी घेतो, त्या तुकड्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४८ हजार मापं (सॅम्पल) घेताना, १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, ६४ चा १.३, २५६ चा ५.३. ऐकायला काहीच नाही वाटत, पण हा बफर जाताना एकदा आणि येताना एकदा असा दोनदा लागतो, वर इंटरफेसच्या आतल्या कन्व्हर्टरचा वेळ, वर ड्रायव्हर स्वतः सांभाळून ठेवतो तो जादाचा यूएसबी बफर, हे सगळं धरून १२८ वर चांगला इंटरफेस आठ-दहा मिलिसेकंदांच्या आसपास जातो. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, त्या हिशोबाने १० मिलिसेकंद म्हणजे ॲम्पपासून अकरा फुटांवर उभं राहून वाजवणं, आणि मोठ्या स्टेजवर आपण तसं वाजवतोच की. त्यामुळे दहापर्यंत मला काही त्रास नाही. बारा-तेराच्या पुढे गेलं की रिदमला हात जड वाटायला लागतो, ढोलकीच्या थापेवर बसत नाही, आणि वीसला तर वाजवूच नये.

रीपरमध्ये वर उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एक ओळ असते, त्यात सॅम्पल रेट, बफर आणि जायचा-यायचा वेळ मिलिसेकंदात लिहिलेला असतो, बहुतेकांचं तिकडे लक्षच जात नाही. सेटअप लावला की पहिल्यांदा तिथे बघा. पण तो आकडा ड्रायव्हर सांगतो तो आहे, आणि सगळे ड्रायव्हर खरं सांगतात असं नाही. खात्री करायची असेल तर इंटरफेसच्या आउटपुटमधून केबल काढून त्याच्याच इनपुटला लावा, एक टक असा क्लिक वाजवून रेकॉर्ड करा आणि मूळ क्लिक आणि रेकॉर्ड झालेला क्लिक ह्यांच्यात किती अंतर पडलं ते झूम करून मोजा. रीपर रेकॉर्ड करताना ड्रायव्हरने सांगितलेला वेळ आपोआप कापून घेतं, ते ऑप्शन ह्या टेस्टपुरतं बंद करा नाहीतर अंतर दिसणारच नाही. माझ्याकडे आधी जो इंटरफेस होता, नाव नाही घेत, तो आकडा दाखवायचा छान आणि मोजला की जवळजवळ दुप्पट निघायचा, तो मी विकला.

म्हणून विकत घेताना विचारायचा पहिला प्रश्न, ह्याला कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर आहे का. एएसआयओ ही स्टाइनबर्गची पद्धत, १९९७ पासूनची, विंडोजचा स्वतःचा ऑडिओचा लांबचा रस्ता टाळून सॉफ्टवेअर थेट इंटरफेसशी बोलतं. काही स्वस्त इंटरफेसना स्वतःचा ड्रायव्हरच नसतो, त्यांना एएसआयओफॉरऑल नावाचं फुकट सॉफ्टवेअर मध्ये घालून चालवावं लागतं, ते घरी शिकायला ठीक आहे, लॅपटॉपच्या आतल्या साउंडकार्डवर पण चालतं, पण स्टेजवर त्याच्या भरवशावर उभं राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मॅकवाल्यांना ही भानगड नाही, त्यांचं कोअर ऑडिओ आतच आहे.

दुसरं म्हणजे इन्स्ट्रुमेंट इनपुट पाहिजे. गिटारच्या पिकअपला साधारण एक मेगाओहमचा इनपुट लागतो, तो नसलेल्या लाइन इनपुटमध्ये सरळ गिटार घातली की वरचा सगळा चमकदारपणा जातो, आवाज गोधडीखालून आल्यासारखा, आणि मग लोक प्लगिनला दोष देतात. फोकसराइट स्कार्लेटच्या सोलो किंवा टूआयटूवर त्यासाठी इन्स्ट नावाचं बटन आहे, मी टूआयटू घेतला. घ्यायच्या आधी धोबीतलावला फुर्टाडोजमध्ये जाऊन प्रत्यक्ष हाताळला, ते दुकान १८६५ पासूनचं आहे, आणि आपली स्वतःची गिटार नेली तर जास्त बरं कारण प्रत्येक पिकअपचा आउटपुट वेगळा. गेन लावताना जेवढं जोरात वाजवाल तेवढं वाजवून बघा आणि वरचं टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. इथे लाल झालं की संपलं, ट्यूब ॲम्पसारखं ते गोड फाटत नाही, सरळ कर्कश्श तुटतं. आणि इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटर (गिटार लॅपटॉपमध्ये न जाता सरळ ऐकवणारं) बंद, हे विसरू नका, नाहीतर कोरडी गिटार आधी आणि इफेक्टवाली नंतर असे दोन आवाज एकावर एक येतात.

आवाज बनवायला रीपरच्या आतच बरंच काही आहे जे कोणी वापरत नाही. जेएस नावाच्या छोट्या प्लगिन्सचा ढीग आहे, त्यात गिटारचा वेगळा फोल्डर, वाह, फेझर, फ्लँजर, कोरस, ट्रेमोलो, फझ. दिसायला फक्त चार स्लायडर, पण लॅपटॉपवर वजन शून्य, आणि माझा फेझर अजून तोच आहे. ॲम्पसाठी मात्र मी न्यूरल ॲम्प मॉडेलर वापरतो, सगळे नॅम म्हणतात, स्टीव्हन ॲटकिन्सनने बनवलेलं, फुकट आणि ओपन सोर्स. खऱ्या ॲम्पमधून ठरावीक सिग्नल पाठवून तो कसा वागतो ते न्यूरल नेटवर्कला शिकवतात आणि त्याची एक छोटी फाइल होते, जगभरातल्या लोकांनी अशा हजारो फायली मोकळ्या ठेवल्यात. क्लीनवरून थोडं जोरात पिक मारलं की किंचित तुटायला लागतं आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी केला की परत स्वच्छ होतं, हे जे ट्यूब ॲम्पचं वागणं आहे ते नॅममध्ये बोटांना खरंच जाणवतं. भावगीताच्या मागे जो मऊ क्लीन लागतो त्यात मला हा फरक सगळ्यात जास्त कळला, डिस्टॉर्शनमध्ये तर काय कुठलंही प्लगिन भारी वाटतं. सेशन ४८ किलोहर्ट्झला ठेवा, बहुतेक फायली त्याच रेटला बनवलेल्या असतात, आणि जुना लॅपटॉप असेल तर हलकी मॉडेल्स शोधा, आवाजात थोडं जातं पण स्टेजवर ते कोणाला कळत नाही.

ॲम्पनंतर कॅबिनेटचा आयआर, म्हणजे गिटार स्पीकरच्या आवाजाचा ठसा टिपलेली फाइल, लागतोच लागतो. गिटार स्पीकर वरचं सगळं कापून टाकतो, तो कापलेला भाग पीएमध्ये, म्हणजे हॉलच्या मोठ्या स्पीकरमध्ये गेला तर मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा आवाज येतो, म्हणून मिक्सरमध्ये सरळ जाणार असाल तर आयआर ऑन, आणि स्टेजवर खरा गिटार ॲम्प ठेवलाय आणि त्याच्या मागच्या इफेक्ट्स रिटर्नच्या जॅकमध्ये घालताय तर आयआर बंद. आयआर नॅममध्येच टाकता येतो किंवा रीपरच्या रीव्हर्ब (ReaVerb) नावाच्या प्लगिनमध्ये. तिथे एक बारकी खूण सांगतो, रीव्हर्बच्या खिडकीत झेडएल लिहिलेला छोटा चौकोन आहे, त्यावर टिक केली नाही तर प्लगिन स्वतःची लेटन्सी घालतं. ही गोष्ट सगळ्याच प्लगिनना लागू आहे, एफएक्सच्या खिडकीत खाली सीपीयूच्या आकड्याबरोबर किती सॅम्पलचा उशीर होतोय ते लिहिलेलं असतं, तिथे शून्य पाहिजे. लिनिअर फेज इक्यू, लुकअहेडवाले लिमिटर, पिच करेक्शन, ही सगळी मंडळी मिक्सिंगसाठी उत्तम, लाइव्हमध्ये नकोत, कारण बफर ६४ वर आणायला एवढी धडपड केली आणि एका इक्यूने परत वीस मिलिसेकंद घालून ठेवले तर काय उपयोग.

आता पॅच, म्हणजे आधी तयार करून ठेवलेला एकेक आवाज, बदलणं, कारण आमच्यासारख्यांना आवाज एक वेळ कमी चालेल पण मेडलीत पॅच वेळेवर बदलला पाहिजे. ह्यासाठी एसडब्ल्यूएस नावाचं फुकट एक्स्टेन्शन टाका, त्यात लाइव्ह कॉन्फिग्स म्हणून खिडकी आहे, हे खरं म्हणजे रीपरचं लपलेलं धन आहे. प्रत्येक आवाजाचा वेगळा ट्रॅक करायचा, सगळ्यांना तोच गिटारचा इनपुट, आणि फूट कंट्रोलरच्या बटनाने एक ट्रॅक उघडतो, बाकीचे म्यूट. पुढचा आवाज आधी तयार करून ठेवायची पण सोय आहे. आणि डिले, रिव्हर्ब प्रत्येक ट्रॅकवर नका लावू, एक वेगळा ट्रॅक करा आणि सगळ्या आवाजांमधून त्याला सेंड द्या, म्हणजे आवाजाची एक प्रत तिकडे पाठवा. असं केलं की लीडचा शेवटचा सूर डिलेमध्ये घुमत असतानाच तुम्ही क्लीनवर येऊन रिदम सुरू करता आणि मागचा सूर तुटत नाही, आपला आपण विरतो. हे बऱ्याच स्वस्त प्रोसेसरना जमत नाही, पॅच बदलला की मागची शेपूट कचकन कापली जाते. ज्या दिवशी हे लावलं त्या रिहर्सलला आमच्या कीबोर्डवाल्याने स्वतःहून मागे बघितलं, आणि तो सहसा गिटारकडे बघत नाही.

फूट कंट्रोलरमध्ये मी बेहरिंगरचा एफसीबी१०१० वापरतो, १० बटनं आणि २ एक्स्प्रेशन पेडल, जुनं डिझाइन, लोखंडी, दणकट. पाच पिनांची मिडी केबल (बटनं-पेडलचे संदेश नेणारी) लागते, यूएसबी नाही, त्यामुळे इंटरफेसला मिडी पोर्ट नसेल तर यूएसबी-मिडी केबल घ्यावी लागते. जड आहे हे मान्य, पण मी तो रिहर्सल रूमवरच ठेवतो आणि शोला बँडच्या टेम्पोतून येतो. लोकलने जायचं असेल तर चार बटनांचे छोटे कंट्रोलर मिळतात, त्यांना यूएसबी केबलनेच जोडा, ब्लूटूथने घरी चालेल पण गर्दीच्या हॉलमध्ये, जिथे प्रत्येक खिशात फोन आहे, तिथे मी वायरवरच विश्वास ठेवतो. वाहला पेडल जोडायचं तर प्लगिनच्या नॉबला हात लावा, वर पॅरमच्या मेनूतून लर्न दाबा, पायाने पेडल हलवा, झालं काम. इतकं सोपं मला अजून कुठे दिसलेलं नाही.

लॅपटॉपची तयारी. कट-कट, चर्र असा आवाज यायला लागला की लोक म्हणतात रॅम वाढव. बहुतेक वेळा रॅमचा काही संबंध नसतो. दर २.७ मिलिसेकंदांनी बफर भरून द्यायचाच आहे, सीपीयू सरासरी वीसच टक्के वापरला जात असला तरी मध्येच वायफायचा ड्रायव्हर किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर चार मिलिसेकंद अडवून बसला तर तो एक बफर चुकतो आणि कानात टक येतो. लेटन्सीमॉन नावाचं फुकट सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालू ठेवा, कोण अडवतंय त्याचं नाव दाखवतं. वायफाय बंद, ब्लूटूथ बंद, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स, यूएसबीचं सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, विंडोज अपडेट शोच्या आठवड्यात पॉज. इंटरफेस लॅपटॉपच्या पोर्टमध्ये सरळ, हब मध्ये नको. आणि रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओच्या पानावर ॲप्लिकेशन इनॲक्टिव्ह असताना ऑडिओ डिव्हाइस बंद करायचं एक ऑप्शन आहे, ते काढून टाका, नाहीतर दुसऱ्या खिडकीवर क्लिक झालं की गिटार गप्प. तिथेच म्यूट असलेल्या ट्रॅकवर प्रोसेसिंग करू नको असं सांगायचं ऑप्शन पण आहे, वीस-वीस पॅच असतील तर त्याने लॅपटॉप बराच हलका होतो.

वीज हा आपल्याकडचा मोठा विषय. परळच्या एका हॉलमध्ये साउंडचेकला सगळं लावलं, सगळ्यांच्या लाइन घेऊन झाल्या आणि साउंडवाला खालून माइकवर म्हणाला, "दादा, तुमच्या लाइनला किर्रर येतंय, बाकी सगळं क्लीन आहे." मी म्हटलं, "भाऊ, चार्जर काढतो, सांग गेलं का." काढला. "गेलं दादा, एकदम साफ." लॅपटॉपच्या चार्जरचा स्विचिंगचा कचरा असतो आणि लॅपटॉपचं अर्थिंग एका बोर्डावर, मिक्सरचं दुसऱ्या बोर्डावर, दोन्हीमध्ये ऑडिओ केबलमधून चक्कर पूर्ण होते, तो तो आवाज. जुन्या हॉलमध्ये आणि जनरेटरवर चालणाऱ्या मंडपात हे हमखास होतं. ह्यावर उपाय ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स, म्हणजे आपली लाइन मिक्सरला जोडायचा छोटा डबा, त्यावर ग्राउंड लिफ्टचं बटन असतं, ते दाबलं की चक्कर तुटते. मी आता दोन डीआय स्वतःचे ठेवतो, साउंडवाल्याकडचे असतील नसतील. काही जण चार्जरची तिसरी पिन काढून टाकतात आणि सांगतात बघ गेला आवाज, हे कृपा करून कोणी करू नका. बोटं तारांवर आणि ओठ माइकला, मध्ये आपण, अर्थिंग नसलेल्या स्टेजवर ह्याने जीव जाऊ शकतो. चार्जर काढून बॅटरीवर वाजवता येतं पण विंडोज बॅटरीवर सीपीयूचा वेग कमी करतं, म्हणून ते आधी घरी पूर्ण सेट वाजवून तपासा.

उष्णता पण बघा. मे महिन्यात गच्चीवरच्या हळदीच्या कार्यक्रमात हॅलोजनच्या समोर लॅपटॉप ठेवला तर तो तापून स्वतःचा वेग कमी करतो आणि मग तीच कट-कट. खाली हवा जाईल असा स्टँड, आणि हॅलोजन पाठीमागे. पावसाळ्यात मंडपात ताडपत्री ठिबकते तिथे मी लॅपटॉप सरळ प्लॅस्टिकच्या मोठ्या डब्यात आडवा ठेवतो, एक बाजू उघडी. आणि बॅकअप लागतोच, माझ्या बॅगेत एक छोटा जुना प्रोसेसर कायम असतो, गिटारची केबल काढून त्यात घातली की दहा सेकंदात वाजायला तयार. तो असला की मन लावून वाजवता येतं, एवढंच त्याचं काम.

स्टेजवर ॲम्प नसल्याची सवय करावी लागते हे पण सांगतो. मागून पायाला जाणवणारा ॲम्पचा धक्का नाही, जे ऐकू येतं ते मॉनिटरमधून, आणि मॉनिटर कसा मिळेल ते साउंडवाल्याच्या हातात. सस्टेन करून फीडबॅकवर सूर धरणारे जे लीडवाले आहेत त्यांना हे आवडणार नाही. पण गायकांना फार आवडतं, कारण त्यांच्या माइकमध्ये गिटार घुसत नाही, आणि साउंडवाल्याला पण, कारण दर हॉलमध्ये तोच आवाज येतो.

दुसरे पर्याय बघायचे तर मॅक असेल तर ॲपलचं मेनस्टेज आहे, ३० डॉलरला, ते खास लाइव्हसाठीच बनवलेलं आहे आणि पॅच बदलायचं काम त्यात तयार मिळतं. विंडोजवर गिग परफॉर्मर आहे, चांगलं आहे. ज्याला कॉम्प्युटरमध्ये डोकं घालायचंच नाही त्याने बॉस, झूम कोणाचाही प्रोसेसर घ्यावा, चालू केला की वाजला, त्यात काही कमीपणा नाही. मी रीपरवर टिकलो कारण ते मुळात रेकॉर्डिंगचं आहे. शो सुरू होताना रेकॉर्ड दाबतो, ट्रॅकवर कोरडी गिटार रेकॉर्ड होते आणि इफेक्ट्स फक्त वाजवण्यात असतात, त्यामुळे घरी येऊन तोच अख्खा शो वेगळ्या ॲम्पमधून, वेगळ्या डिलेने परत ऐकता येतो, हेडफोनवर रात्री, शेजाऱ्यांना त्रास नाही. शोमध्ये कुठला पॅच दबला आणि कुठला टोचला हे तेव्हा कळतं, पुढच्या शोच्या आधी तेवढाच दुरुस्त करायचा.

आता पुढे मला चार आउटपुटवाला इंटरफेस घ्यायचाय. दोन आउटपुट आयआर लावून मिक्सरला, तिसरा आयआरशिवाय स्टेजवरच्या छोट्या ॲम्पला, म्हणजे पाठीमागचा धक्का पण मिळेल. रीपरमध्ये त्यासाठी फक्त एक जादा हार्डवेअर आउटपुट सेंड लावायचा आहे, अडलंय ते ड्रायव्हर बरा असलेला चार आउटपुटवाला सेकंडहँड मिळण्यावर, कोणी विकत असेल तर आधी तो ६४ सॅम्पलला किती मिलिसेकंद देतो ते मोजून सांगा, मग भावाचं बोलू.